अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये प्रोबायोटिक: वाण, मात्रा आणि बारा आठवड्यांचा हिशेब

इंदूरच्या दवाबाजारात ‘पोटासाठी एखादं प्रोबायोटिक द्या’ म्हटलं की काउंटरवर चार-पाच डबे येऊन पडतात. कॅप्सूल, सॅशे, पिण्याच्या बारीक बाटल्या. सगळ्यांवर ‘पचनासाठी उत्तम’ असंच काहीतरी लिहिलेलं असतं, पण आतले उपयोगी जिवंत जंतू (प्रोबायोटिक म्हणजे तेच) मात्र एकमेकांचे दूरचे नातेवाईकही नसतात. वर्षाचा गहू भरताना आपण नुसतं ‘गहू द्या’ म्हणत नाही. शरबती की लोकवन, हे आधी ठरतं, कारण पोळी कशी होणार ते वाणावर असतं. जंतूंचंही तसंच आहे. आतड्याच्या दाहाच्या आजारात, म्हणजे आयबीडीत, ज्या प्रोबायोटिकचा उपयोग दिसला आहे तो मोजक्या ठरावीक वाणांचा, ठरावीक मात्रेत आणि ठरावीक रुग्णांमध्ये. बाकीचे डबे वाईट नाहीत, ते दुसऱ्या कामाचे आहेत.

आधी आजाराचं नाव नक्की करा

आयबीडी आणि आयबीएस यांची गल्लत औषधाच्या दुकानातच नव्हे, घरोघरी होते. आयबीएसमध्ये पोट बिघडतं, पण आतड्याला सूज किंवा जखम नसते. आयबीडीत असते, आणि शौचातून रक्त, आव, ताप, वजन घटणं, रक्त कमी होणं या तिच्या खुणा. जुनी फाइल काढा आणि कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टवर यांपैकी काय लिहिलंय ते बघा.

अल्सरेटिव्ह कोलायटिस: मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सुजतं. सुरुवात गुदाशयापासून होते आणि सूज सलग वर चढते. आजार सौम्य किंवा मध्यम असेल, तर नेहमीच्या औषधाला जोड म्हणून प्रोबायोटिकचा विचार करता येतो. हा लेख मुख्यतः याच रुग्णांसाठी आहे.

क्रोन्स: तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, आतड्याच्या पूर्ण जाडीत. इथे प्रोबायोटिकनं निराशा केली आहे. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट आजार शांत ठेवण्यासाठी वापरून पाहिलं गेलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते आणि खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी यांत फरक निघाला नाही. क्रोन्स असेल तर हे पैसे वाचवा. शिवाय आपल्याकडे आतड्याचा टीबी अगदी क्रोन्ससारखा दिसतो, तो नाही ना हे डॉक्टरांनी तपासलंय का, तो प्रश्न प्रोबायोटिकपेक्षा कितीतरी महत्त्वाचा.

पाउचायटिस: कोलायटिससाठी मोठं आतडं काढून लहान आतड्याची पिशवी केली असेल, तर त्या पिशवीला येणारी सूज. प्रोबायोटिकचा सगळ्यात ठळक फायदा इथेच दिसला. २००० सालच्या इटलीतल्या चाचणीत अँटिबायोटिकनं बऱ्या झालेल्या ४० रुग्णांपैकी निम्म्यांना आठ वाणांचं मिश्रण दिलं. नऊ महिन्यांत त्यांच्यातल्या १५ टक्क्यांना त्रास उलटला. खोटी पावडर घेणाऱ्या सगळ्यांना उलटला.

कोणते वाण

नावाचे तीन भाग असतात: कुळ, जात, वाण. ‘लॅक्टोबॅसिलस’ हे कुळ, ‘ऱ्हॅम्नोसस’ ही जात, ‘जीजी’ हा वाण. डब्यावर पहिले दोनच भाग छापले असतील, तर त्या जंतूवर कोणता अभ्यास झाला हे शोधायलाच जागा उरत नाही.

कोलायटिससाठी लक्षात ठेवायची नावं दोन. पहिलं ई. कोलाय निसल १९१७. पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड निसल या जर्मन डॉक्टरांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून हा वाण वेगळा काढला. सोबतचे सैनिक हगवणीनं बेजार असताना तो ठणठणीत होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ३२७ रुग्णांच्या चाचणीत आजार शांत असलेल्यांना वर्षभर एक तर निसल दिलं किंवा मेसालाझिन, म्हणजे कोलायटिसची सूज कमी करणारं नेहमीचं औषध. आजार उलटण्याचं प्रमाण निसलमध्ये ३६.४ टक्के, मेसालाझिनमध्ये ३३.९. म्हणजे जवळपास बरोबरीच. एक बारकावा मात्र आहे: तुलनेतलं मेसालाझिन दिवसाला दीडच ग्रॅम होतं, आणि आज बऱ्याच रुग्णांना त्याहून जास्त मात्रा असते.

दुसरं आठ वाणांचं मिश्रण, जे व्हीएसएल-३ या नावानं चाचण्यांमध्ये वापरलं गेलं. त्यात चार लॅक्टोबॅसिलस, तीन बायफिडोबॅक्टेरियम आणि एक स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस. यावरची एक महत्त्वाची चाचणी भारतातलीच आहे: लुधियानाच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं, अनेक केंद्रांत, १४७ रुग्णांवर, २००९ साली प्रसिद्ध. बारा आठवड्यांनी मिश्रण घेणाऱ्यांपैकी ४२.९ टक्क्यांचा आजार शांत झाला, खोटी पावडर घेणाऱ्यांपैकी १५.७ टक्क्यांचा. इथे नाव आणि पाककृती यांत गफलत होऊ देऊ नका. २०१६ नंतर अमेरिकेत या मिश्रणाचं मूळ सूत्र एका नावानं आणि जुनं ब्रँडनाव दुसऱ्याच सूत्रावर, असं झालं. प्रकरण कोर्टात गेलं. डब्यावरचं नाव ओळखीचं वाटलं तरी मागे आठ वाणांची यादी आणि एकूण संख्या वाचायचीच.

तज्ज्ञ संस्थांचं एकमत नाही, हेही सांगायला हवं. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांची एस्पेन ही संस्था सौम्य ते मध्यम कोलायटिसमध्ये वरच्या दोन्ही प्रोबायोटिकांचा विचार करावा म्हणते. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशननं २०२० साली कोलायटिस आणि क्रोन्स या दोन्हींत प्रोबायोटिक फक्त संशोधनाचा भाग म्हणून द्यावं असं सुचवलं आणि पाउचायटिसपुरती सूट दिली. दोन्ही वाचून काढायचा अर्थ एवढाच: हा मुख्य उपचार नाही, जोड आहे, आणि उपयोग होतोय की नाही हे प्रत्येकानं स्वतःपुरतं मोजून पाहायचं.

मात्रेचं गणित, जिथे बहुतेकांची फसगत होते

भारतातल्या त्या चाचणीत एका वेळची मात्रा होती ३६०० अब्ज जिवंत जंतू, दिवसातून दोनदा. आता दुकानातली नेहमीची कॅप्सूल घ्या. तिच्यावर १० अब्ज लिहिलेलं असेल तर ती त्यातल्या त्यात दमदार. पण एका वेळच्या मात्रेसाठी अशा ३६० कॅप्सूल लागतील, दिवसाला ७२०. सव्वा अब्जाची कॅप्सूल असेल तर एका वेळेला २८८०. म्हणून ‘महिनाभर रोज एक कॅप्सूल घेतली, काही फरक नाही’ ही तक्रार खरी असली तरी प्रोबायोटिक वापरून पाहिलं असं तिच्यावरून म्हणता येत नाही.

एवढ्या मोठ्या मात्रेसाठी सॅशेच लागतात. बाजारात ४५० अब्ज आणि ९०० अब्जांची सॅशे असतात. ९०० अब्जांची चार म्हणजे एका वेळचे ३६०० अब्ज. इतर काही अभ्यासांत एवढी मात्रा दिवसभरात मिळून दिली गेली. तुमच्यासाठी किती, हे पोटविकारतज्ज्ञांनी ठरवायचं. तुम्ही दुकानातून निघण्यापूर्वी फक्त भागाकार करायचा: रोजची मात्रा भागिले एका सॅशेतली संख्या, गुणिले ८४ दिवस. ही सगळी रक्कम आधी कागदावर मांडा. तीन आठवड्यांनी परवडेनासं होऊन सोडण्यापेक्षा सुरूच न करणं बरं.

मेसालाझिन आधीच अर्ध्या मात्रेवर चालू असेल, तर प्रोबायोटिकवर खर्च करण्याआधी ते पूर्ण मात्रेवर नेता येईल का, सोबत सपोझिटरी (गुदद्वारातून ठेवायची गोळी) किंवा एनिमा (गुदद्वारातून द्यायचं द्रव औषध) देता येईल का, हे विचारा. गुदाशयाजवळच्या सुजेला असं खालून दिलेल्या औषधाची जोड मिळाली की पुष्कळ फरक पडतो. लाज वाटते म्हणून सपोझिटरी न वापरणारे आणि कॅप्सूलवर मात्र खर्च करणारे बरेच असतात.

कोणी घेऊ नये

जिवंत जंतू शरीरात घालतोय, हे विसरू नका. गळ्यात किंवा छातीत मोठ्या शिरेची नळी असेल, पांढऱ्या पेशी फार घटल्या असतील, आयसीयूत असाल, तर नाही. विशेषतः सॅकरोमायसिस बुलार्डी: नळी असलेल्या रुग्णांच्या रक्तात हे यीस्ट शिरल्याची उदाहरणं आहेत. तीव्र स्वादुपिंडदाहातही नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत अशा रुग्णांत प्रोबायोटिक गटातले मृत्यू १६ टक्के आणि दुसऱ्या गटातले ६ टक्के निघाले. आयबीडीत दिल्या जाणाऱ्या अझाथायोप्रिननं क्वचित स्वादुपिंडदाह होतो, म्हणून ती गोळी चालू असताना पोटाच्या वरच्या भागात पाठीपर्यंत जाणारी कळ आली तर सॅशे बाजूला ठेवून आधी दवाखाना. स्टेरॉइड, अझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब किंवा तोफासिटिनिब यांसारखं रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, आतड्याचा मोठा भाग काढलेला असेल, तर विचारल्याशिवाय सुरू करू नका.

आणि आजार जोरात असेल तर प्रोबायोटिकचा विषयच नको. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्त पडतंय आणि सोबत नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर, किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, यातलं एकही असेल तर ही भरती होण्याची वेळ आहे. रात्रीच निघायचं, सकाळची ओपीडी बघायची नाही. पोट फुगून दुखत असेल तरीही तेच.

सुरू करण्याआधीच्या तपासण्या

शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या सुजेची खूण), रक्तातलं सीआरपी (शरीरातल्या सुजेची खूण) आणि हिमोग्लोबिन. कॅलप्रोटेक्टिन ५० च्या खाली असेल तर सूज नसल्यात जमा, २५० च्या वर असेल तर आजार जागा आहे असं धरतात. नमुन्याच्या आधी काही दिवस डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या नकोत. त्यांनी आकडा वाढतो, आणि कोलायटिसही चिघळू शकतो. पहिली आणि नंतरची तपासणी एकाच लॅबमध्ये करा, कारण प्रत्येकाच्या किटचे आकडे थोडे वेगळे येतात. आणि जुलाब अचानक वाढले असतील तर आधी शौचाचा संसर्ग तपासून घ्या, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूसकट. संसर्गाला ‘आजार उलटला’ समजून उपचार करण्याची चूक महागात पडते.

खरेदी आणि घरापर्यंतचा प्रवास

डब्यावर चार गोष्टी शोधा: वाणाची पूर्ण नावं, मात्रेतली संख्या, ती संख्या मुदत संपेपर्यंतची हमी आहे की फक्त तयार करतेवेळची, आणि साठवणीचं तापमान. अन्न म्हणून विकलेल्या प्रोबायोटिकसाठी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची किमान अट रोजच्या मात्रेत १० कोटी जिवंत जंतूंची आहे. ही अट पाळणारा डबा कायद्यानं बरोबर असेल, पण त्या चाचणीतल्या रोजच्या मात्रेच्या तो बहात्तर हजारावा भाग आहे.

साठवण २ ते ८ अंशांत सांगितली असेल तर उन्हाळ्यात इंदूरमध्ये खरी परीक्षा तिथेच. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर, आणि स्कूटरच्या डिकीत त्याहून पुष्कळ जास्त. दवाबाजारातून निघून राजेंद्रनगरला पोचेपर्यंत वाटेत आणखी दोन कामं उरकली, की थंड साखळी तिथेच तुटली. मेडिकलवाल्याला विचारा: हे फ्रिजमधून काढून देताय की शेल्फवरून? शेल्फवरचं उन्हाळ्यात घेऊ नका. घरून जाडसर कापडी पिशवीत बर्फाची एक पिशवी घेऊन जा, पण सॅशे बर्फाला चिकटू देऊ नका. मध्ये वर्तमानपत्राची घडी घाला. घरी आल्यावर फ्रिजच्या दारात नव्हे, आतल्या कप्प्यात हवाबंद डब्यात ठेवा. दार दिवसातून तीस वेळा उघडतं.

उष्णतेइतकाच शत्रू म्हणजे ओल. अर्धं सॅशे घेऊन उरलेलं घडी करून रबर लावून ठेवणं म्हणजे पावसाळ्यात पापड उघडे ठेवणं. पावडर कोरडी, मोकळी पडायला हवी. गुठळ्या असतील तर ते सॅशे टाकून द्या.

काही जण घरी परीक्षा घेतात: कोमट दुधात पावडर घालून रात्रभर उबेत ठेवायची आणि दही लागतं का बघायचं. आठ वाणांच्या मिश्रणाचं लागतं. पण शंभरातला एक जंतू जिवंत असला तरी लागेल, म्हणून यावरून मात्रा पूर्ण आहे हे कळत नाही. दही लागलंच नाही, तर मात्र परत करायला हरकत नाही. निसल, बुलार्डी आणि बॅसिलस क्लॉसाय यांना ही परीक्षा लागू नाही. ते दह्याचे जंतू नाहीत.

घ्यायचं कसं

पहिले तीन दिवस ठरलेल्या मात्रेचा पाव भाग, पुढचे चार दिवस अर्धा, आठव्या दिवसापासून पूर्ण. असं हळूहळू चढवलं की गॅस आणि गुडगुड कमी होते. पहिल्या आठवड्यात थोडं पोट फुगणं धरूनच चाला. डब्यावर एफओएस किंवा इन्युलिन (जंतूंचं खाद्य म्हणून घातलेले तंतू) लिहिलेलं असेल तर गॅस त्यामुळे असू शकतो.

पावडर जेवणाबरोबर किंवा जेवणाच्या सुरुवातीला, थंड पाण्यात, ताकात किंवा दह्यात. चहात नाही, गरम दुधात नाही, वाफाळत्या खिचडीवर नाही, सोड्यात नाही. कालवली की लगेच घ्यायची. मेसालाझिनची गोळी सोबत घ्यायला अडचण नाही, पण ती चावायची किंवा फोडायची नाही. तिचं आवरण ठरावीक जागी पोचून विरघळण्यासाठी असतं. अँटिबायोटिक चालू असेल तर त्यात आणि जिवाणूंच्या प्रोबायोटिकमध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा. बुलार्डीला अँटिबायोटिकनं फरक पडत नाही, बुरशीविरोधी औषधानं मात्र ते मरतं.

वहीतली नोंद

रोज रात्री दोनच आकडे लिहा. शौचाची संख्या: आजाराआधी होती तेवढीच असेल तर ०, त्याहून एक-दोन जास्त तर १, तीन-चार जास्त तर २, पाच किंवा त्याहून जास्त तर ३. रक्त: नाही तर ०, निम्म्याहून कमी वेळा धागे दिसले तर १, बहुतेक वेळा स्पष्ट रक्त तर २, नुसतंच रक्त तर ३. खाली एक ओळ: रात्री उठावं लागलं का, कोणती मात्रा चुकली. उदाहरणार्थ: ‘मंगळवार. संख्या २, रक्त १. पहाटे ४ ला एकदा. संध्याकाळचं सॅशे राहिलं, लग्नाला गेलो होतो.’ सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री काय काय खाल्लं तेही लिहा, नाहीतर भुट्ट्याच्या किसाचा राग सॅशेवर निघतो.

दुसऱ्या आठवड्यापर्यंत दोन्ही आकड्यांची बेरीज वाढतच असेल तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. सहाव्या आठवड्यात सुधारणेची दिशा दिसायला हवी. त्या भारतीय चाचणीतही फरक सहाव्या आठवड्यात दिसू लागला होता. बाराव्या आठवड्यात कॅलप्रोटेक्टिन पुन्हा. आकडा पडला आणि बेरीज शून्य-एकवर आली, तर पुढे चालू ठेवायचं का ते डॉक्टरांबरोबर ठरवा. काहीच हललं नाही तर बंद. ‘अजून एक महिना बघू’ नको. बंद केल्यावर हे पाहुणे जंतू साधारणपणे एक-दोन आठवड्यांत आतड्यातून निघून जातात, कायमचे राहत नाहीत. म्हणून ‘एकदा कोर्स केला, आता आयुष्यभराची सोय’ असंही नसतं.

सगळ्यात मोठी चूक

बरं वाटू लागलं की मेसालाझिन सोडून प्रोबायोटिक चालू ठेवणं. ‘गोळी केमिकल, दही नैसर्गिक’ हा विचार त्यामागे असतो. आजार शांत असलेल्या रुग्णांचा मागोवा घेतलेल्या २००३ सालच्या अभ्यासात मेसालाझिन नीट न घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून जास्त निघाला. चातुर्मासातले उपास, एकादशी, प्रवास, यांत गोळी सुटते आणि दोन महिन्यांनी त्याचा हिशेब येतो. स्टेरॉइड तर अचानक सोडायचंच नाही, ते ठरवून टप्प्याटप्प्यानं उतरवतात.

घरचं दही आणि इसबगोल

विरजणातले जंतू घरागणिक, ऋतूगणिक बदलतात. त्यांचं नाव माहीत नाही, मोजदाद नाही, आणि कोलायटिससाठी परीक्षा झालेली नाही. म्हणून दही हे औषध नाही. पण अन्न म्हणून उत्तम: प्रथिनं, कॅल्शियम (स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या हाडांना ते हवंच), आणि दुधापेक्षा कमी लॅक्टोज. दूध आधी उकळून मग विरजायचं, रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर हे काटेकोर पाळायचं. कढी करा हवी तर, फक्त तिच्यातून जिवंत जंतू मिळतील अशी आशा नको.

इसबगोलाची गोष्ट वेगळी. नीमच-मंदसौर आपल्या माळव्यातलेच, तिथल्या मंडीत इसबगोलाचा मोठा बाजार. १९९९ सालच्या स्पेनमधल्या चाचणीत शांत कोलायटिसच्या रुग्णांना इसबगोलाच्या बिया १० ग्रॅम दोनदा वर्षभर दिल्या. आजार शांत राखण्यात त्या दिवसाला दीड ग्रॅम मेसालाझिनच्या तोडीच्या ठरल्या. आतड्यातले आपलेच जंतू हा तंतू आंबवून ब्युटिरेट तयार करतात, जे आतड्याच्या पेशींचं इंधन आहे. आजार शांत असतानाच, भरपूर पाण्याबरोबर, डॉक्टरांना सांगून. आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर मुळीच नाही.

बारा आठवड्यांनी उरलेली सॅशे ‘घरात कुणाचं पोट बिघडलं तर उपयोगी पडतील’ म्हणून ठेवून देऊ नका. जुलाबासाठीचे वाण वेगळे, मात्रा वेगळी. आणि शेजारच्या काकांची केमोथेरपी चालू असेल, छातीत नळी असेल, तर प्रेमानं दिलेलं तेच सॅशे त्यांच्या जिवावर बेतू शकतं.